सुभेदारीच्या पुढे

१ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनच्या सैनिकी अकादमीचे पहिले सत्र सुरू झाले, तेव्हा तिथे ४० कॅडेट दाखल झाले. १५ खुल्या निवडीतून आले होते, १० संस्थानांच्या फौजांतून आणि उरलेले १५ थेट पलटणींमधून, म्हणजे अंगावर शिपायाचा गणवेश चढवून काही वर्षे काढलेले. या तुकडीचे नाव निघाले की आपल्याला सॅम माणेकशॉ आठवतात. ते खुल्या परीक्षेतून आले होते. त्याच तुकडीत मोहम्मद मुसा होते. ते १९२६ साली साधे जवान म्हणून फौजेत शिरले आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानचे सरसेनापती म्हणून आपल्यासमोर उभे राहिले. मोहनसिंग १९२७ साली पंजाब रेजिमेंटमध्ये शिपाई झाले, मग नौगावचे किचनेर कॉलेज, मग डेहराडून असा प्रवास करून १९३५ साली अधिकारी झाले आणि सात वर्षांनी मलायात पहिली आझाद हिंद फौज त्यांनीच उभी केली. वाट उघडल्यावर इतक्या थोड्या वर्षांत इतक्या कुवतीची माणसे त्या वाटेने वर आली. मग तिच्या आधीच्या दीडशे वर्षांत, अपवाद सोडले तर, एकही शिपाई खऱ्या अर्थाने अधिकारी का झाला नाही? शिपाई अडाणी होता, हे नेहमीचे उत्तर. ते अर्धेही खरे नाही. माझ्या मते शिपायाला अडवले ते सुभेदारीने. त्या हुद्द्याला इतका मान, इतकी प्रतिष्ठा आणि इतके पेन्शन जोडले गेले, की पुढे आणखी काही असायला हवे हा प्रश्नच विचारायला जागा उरली नाही.

हिंदुस्थानी फौजांची रचना मुळात अशी नव्हती. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची उतरंड दिली आहे: पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, त्यावर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. कामे वाढत जातात, वेतन वाढत जाते, पण मध्येच कुठे रेघ ओढून खालच्यांनी पलीकडे जायचे नाही असे म्हटलेले नाही. अठराव्या शतकात मल्हारराव होळकर खानदेशात कदमबांड्यांच्या घोडदळात साधे स्वार होते. पुढे ते माळव्याचे सुभेदार झाले, आणि तिथे सुभेदार म्हणजे प्रांताचा धनी. यावर कुणी म्हणेल की हे जुन्या काळाचे गोडवे झाले, जात आणि वतन यांच्या भिंती तेव्हाही होत्याच. होत्या. मल्हाररावांच्या पुढच्या पिढ्यांत सरदारकी वारशानेच चालली आणि नव्या मल्हाररावांना वाव कमी होत गेला, हेही खरे. पण तो अडसर समाजाचा होता. हुद्द्यांच्या रचनेत तो कोरलेला नव्हता, आणि लढाईच्या धामधुमीत कर्तबगार माणूस त्याला वळसा घालू शकत होता. ईस्ट इंडिया कंपनीने जे केले ते वेगळे होते.

कंपनीच्या सुरुवातीच्या पलटणींत हिंदी कमांडंट असत आणि त्यांच्या हाती खरी हुकमत असे. मद्रासच्या बाजूला युसूफ खान कंपनीच्या शिपायांचा कमांडंट होता. फ्रेंचांविरुद्ध त्याने कंपनीला मोठे यश मिळवून दिले, मदुरेचा कारभार त्याच्याकडे आला, मग तो उलटला आणि १७६४ साली फासावर गेला. कंपनीने या घटनेतून काय धडा घेतला असेल हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. १७९६ च्या फेररचनेत प्रत्येक पलटणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांची संख्या वाढवली गेली आणि हिंदी अधिकारी हुकमतीच्या जागेवरून सरकून मध्यस्थाच्या जागेवर आला. सुभेदार आणि जमादार राहिले, पण कालच विलायतेहून उतरलेला कोवळा गोरा अधिकारी आता पांढऱ्या मिशांच्या सुभेदाराचा वरिष्ठ होता. बंगाल फौजेत बढती निव्वळ ज्येष्ठतेवर मिळत असल्यामुळे माणूस सुभेदार होईपर्यंत म्हातारा होई. सीताराम पांडे यांच्या नावावरचे शिपायाचे आत्मवृत्त अस्सल की रचलेले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण १८१२ साली भरती झालेला माणूस जवळजवळ अर्धे शतक नोकरी करून सुभेदार होतो, ही त्यातली गोष्ट त्या काळच्या इतर पुराव्यांशी विसंगत नाही. हेन्री लॉरेन्स यांनी १८५७ च्या आधीच लिहून ठेवले होते की महत्त्वाकांक्षी हिंदी सैनिकाला या फौजेत भवितव्य नाही आणि हे धोक्याचे आहे. १८५७ च्या जुलैत दिल्लीला बंडवाल्या फौजेची सूत्रे ज्याच्या हाती आली तो बख्त खान कोण होता? बरेलीच्या तोफखान्यातला, चाळीसएक वर्षे नोकरी झालेला सुभेदार. कंपनीने ज्याला एका तोफखान्यापुरता मानला, त्याच्याकडे बादशहाने संपूर्ण फौज सोपवली. सेनापती म्हणून तो कमी पडला असे इतिहासकार म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण एवढी फौज हाताळण्याचा अनुभव त्याला आधी कुणी दिला होता?

उठावानंतर सरकारने यातून दोन निष्कर्ष काढले आणि ते परस्परविरोधी होते. सुभेदाराला नाराज ठेवून चालणार नाही, हा एक. त्याच्या हाती खरी हुकमत द्यायची नाही, हा दुसरा. या दोन्हींचा मेळ घालायचा तर मान वाढवायचा आणि अधिकार तेवढाच ठेवायचा. ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया हा सन्मान १८३७ पासून होताच. त्याच्याबरोबर सरदार बहादूर अशी पदवी मिळे. पंजाबात कालव्यांवरच्या जमिनी मिळू लागल्या. दरबारात खुर्ची मिळे, गावात सुभेदार साहेब म्हणून शब्दाला वजन येई. १८८० च्या दशकात जनरल जॉर्ज चेस्नी यांनी हिंदी लोकांना अधिकारपदे द्यावीत असा प्रस्ताव मांडला. सरसेनापती रॉबर्ट्स यांनी तो हाणून पाडला. त्यांचा आक्षेप शिक्षणाबद्दल नव्हता. हिंदी माणूस कितीही शूर असला तरी गोरा अधिकारी त्याला आपल्या बरोबरीचा मानणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एवढी स्पष्ट कबुली समोर असताना आपण अजून शिपायाच्या निरक्षरतेकडे बोट दाखवतो, याचे आश्चर्य वाटते.

सुभेदारीच्या बाजूने एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो लष्करातले लोकच घेतात. हा हुद्दा केवळ गाजर दाखवण्यासाठी नव्हता, त्याचे काम होते, असे ते म्हणतात. गोरे अधिकारी येत आणि बदलून जात. भाषा तोडकीमोडकी, गावगाडा अपरिचित, धर्माचे आणि जातीचे बारकावे कळायचे नाहीत. पलटण बांधून ठेवत असे सुभेदार. कोणत्या जवानाच्या घरी भावकीचे भांडण चालू आहे, कोण रजेवरून परत येणार नाही, हे त्याला कळे. हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो खरा असेल तर त्याचा एक परिणाम निघतो: जिथे अधिकारी स्वतः हिंदी असतील आणि जवानाची भाषा बोलतील, तिथे मधल्या पायरीची गरज कमी व्हायला हवी. इतिहासात हा प्रयोग प्रत्यक्ष झाला. १९२३ साली सरकारने आठ पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या काढल्या. त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटणही होती. पुढे ठरले की या पलटणींत ब्रिटिश पद्धतीप्रमाणे प्लाटूनवरही हिंदी लेफ्टनंट नेमायचे आणि व्हाइसरॉय कमिशनचे, म्हणजे जमादार-सुभेदारांचे, हुद्दे हळूहळू संपवायचे. रांगेतल्या माणसांना हे अर्थातच आवडले नाही, त्यांची बढतीच कापली जात होती. आणि नेमक्या याच काळात त्यांच्यासाठी दुसरे दार उघडले गेले. फील्ड मार्शल बर्डवुड यांनी १९२९ साली बुंदेलखंडातील नौगाव इथे किचनेर कॉलेज सुरू केले, होतकरू जवानांना पुढच्या हुद्द्यांसाठी घडवायला. तीन वर्षांनी डेहराडूनला फौजेतल्या जवानांसाठी खुल्या निवडीइतक्याच, १५ जागा राखल्या गेल्या. हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. सुभेदारी शाबूत होती तोवर सरकारला जवानासाठी कमिशनचा विचार करावा लागला नाही. ती डळमळीत होताच विचार सुरू झाला आणि जागाही निघाल्या.

या जागांना विरोध कुणी केला हे पाहिले तर गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. विरोध करणारे मुख्यतः आपलेच सुशिक्षित लोक होते. हिंदी सॅन्डहर्स्टची, म्हणजे देशातच अधिकारी घडवणाऱ्या अकादमीची, मागणी वकील, प्राध्यापक आणि विधिमंडळातले पुढारी करत होते आणि त्यांना हवी होती खुली स्पर्धा. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे १९३१ च्या सैनिकी कॉलेज समितीवर होते. पुढे १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली, तिचा हेतूही शाळेतल्या मुलाला अधिकारी बनवण्याचा होता. शिपायाला अधिकारी बनवणे त्यांच्या योजनेत नव्हते. या मंडळींना शंका होती की सरकार फौजेतल्या राखीव जागांच्या आडून राष्ट्रवादी मध्यमवर्गाला बाहेर ठेवेल आणि पंजाबच्या 'लढाऊ' जमातींतून आज्ञाधारक अधिकारी आणेल. शंका निराधार नव्हती. सैन्यभरतीचे पारडे खरोखरच पंजाबकडे झुकलेले होते. तरी या वादात जवान कुठे होता? सरकारला तो आपल्या बाजूचा मोहरा वाटला आणि पुढाऱ्यांना सरकारचा. त्याच्या बाजूने स्वतंत्र बोलणारे कुणी नव्हते. दरम्यान सरकारने तिसरा मार्गही काढला होता. जालंधर, झेलम आणि अजमेरच्या किंग जॉर्ज शाळांत सैनिकांच्या मुलांना शिकवायचे. म्हणजे सुभेदाराने अधिकारी व्हायचे नाही, त्याच्या मुलाने व्हावे. बापाची महत्त्वाकांक्षा एक पिढी पुढे ढकलण्याचा हा प्रकार चलाखीचा होता, आणि ज्यांची मुले त्या शाळांत गेली त्यांच्या दृष्टीने उपकाराचाही.

महाराष्ट्रातल्या एका समाजाच्या बाबतीत माझा मुद्दा जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबई फौजेत कंपनीच्या काळापासून महार सैनिक होते. जिथे गावात त्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तिथे पलटणीत ते नाईक, हवालदार, सुभेदार होत. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी मालोजी सकपाळ सुभेदार झाले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि त्यांच्या घरात शिक्षणाचे जे महत्त्व होते ते पलटणीतून आले होते. या लोकांना सुभेदारी पुढची वाट अडवणारी वाटली नसणार, तीच त्यांनी पाहिलेली सर्वांत उंच जागा होती. आणि तीच काढून घेतली गेली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. लढाऊ जमातींचा सिद्धांत तेव्हा जोरात होता, आणि सवर्ण जवान महार सुभेदाराच्या हुकमाखाली कसे वागतील हा प्रश्नही त्यात होता. फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली निवृत्त महार सैनिकांच्या वतीने अर्ज लिहिला, १९१० साली पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी विलायत सरकारपर्यंत मागणी नेली. दोन्ही अर्जांत कमिशनचा उल्लेख शोधायला जाऊ नये. ते भरतीच मागत होते. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात, डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. आज सुभेदारीबद्दल बोलताना तिला सरसकट फसवणूक म्हणणे या इतिहासावर अन्याय करणारे होईल. मी म्हणतो ते एवढेच, की ज्या हुद्द्याने रामजी सकपाळांना एवढे दिले, त्याच हुद्द्याच्या पुढे जाण्याचा रस्ता त्यांच्यासाठीही बंद होता, आणि तो बंद करणाऱ्याने जातीचे कारण पुढे केले तरी त्यामागचा हिशेब साम्राज्याचा होता.

दुसऱ्या महायुद्धाने हे सगळे बाजूला ठेवायला भाग पाडले. सुरुवातीला हिंदी अधिकारी हजाराच्या आत होते, युद्ध संपेपर्यंत ते अनेक हजारांवर गेले. माणसे तातडीने हवी असली की वंश, वय आणि शाळेचे नाव यांची छाननी कमी होते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे १० जुलै १९४० रोजी बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले. बर्माच्या आघाडीवर लढले, हवालदार झाले, आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. चारच महिन्यांनी, ८ ते ११ एप्रिल १९४८ च्या दरम्यान, नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. पहिल्याच दिवशी जखमी होऊनही ते थांबले नाहीत, आणि चालत्या रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत पुढे सरकत राहिले. परमवीर चक्र मिळवणारे ते पहिले जिवंत मानकरी. या कामाला लागणारी सुरुंगांची आणि स्फोटकांची जाण त्यांनी सॅपर म्हणून सात वर्षांत मिळवली होती. अकादमीतून थेट आलेल्या तरुण लेफ्टनंटकडे ती इतक्या लवकर असण्याची शक्यता कमीच. जवानातून आलेला अधिकारी जास्त शूर असतो असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. पण तो दुसरे काहीतरी घेऊन येतो, आणि त्या काहीतरीची किंमत राजौरीच्या रस्त्यावर दिसली.

इथे इंग्लंडचे उदाहरण देऊन कुणी माझ्यावर उलटू शकेल. ब्रिटिश सैन्यात सुभेदारीसारखी मधली पायरी नव्हती, तरी तिथेही शिपायांतून अधिकारी झालेले मोजकेच होते. १८७१ पर्यंत तर कमिशन पैसे देऊन विकत घेतले जाई. मग दोष सुभेदारीचा कसा? या प्रश्नात दम आहे. इंग्लंडमध्ये अडसर वर्गाचा आणि पैशाचा होता, मेसचा खर्चच साध्या माणसाला परवडत नसे. पण त्या अडसरावर मान देऊन पांघरूण घातलेले नव्हते. म्हणूनच त्याच्याशी उघड भांडता येत होते, आणि त्याला फटही सापडत होती: १८७७ साली शिपाई म्हणून भरती झालेले विल्यम रॉबर्टसन १९२० साली फील्ड मार्शल झाले. हिंदुस्थानात असे एकही उदाहरण घडू शकले नसते, कारण इथे रॉबर्टसन सुभेदार मेजर होऊन, छातीवर ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया लावून, सन्मानाने पेन्शनवर गेले असते. सगळे समाधानी असते, रॉबर्टसनही.

स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय कमिशनचे नाव बदलून ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर झाले, १९६५ साली जमादाराचा नायब सुभेदार झाला, पायरी तशीच राहिली. दुसऱ्या बाजूला दारही रुंदावले. १६ मे १९६० रोजी नौगावच्या किचनेर कॉलेजचे आर्मी कॅडेट कॉलेज झाले, उद्घाटनाला जनरल थिमय्या होते. १९६४ ला ते पुण्यात आले आणि १९७७ पर्यंत इथे राहिले. म्हणजे तेरा वर्षे देशभरच्या जवानांना अधिकारी बनवण्याचे काम पुण्यात चालत होते, हे पुणेकरांनाही क्वचितच आठवते. मग ते डेहराडूनला अकादमीत गेले आणि २००६ साली अकादमीची सियाचीन बटालियन झाले. बारावी झालेला, किमान दोन वर्षे नोकरी झालेला, २० ते २७ वयाचा जवान निवड मंडळासमोर जाऊ शकतो. तीन वर्षे पदवीचे शिक्षण, एक वर्ष अकादमी, मग कमिशन. वयाने मोठ्या जवानांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. एवढे सगळे असताना माझा मुद्दा जुना झाला, असे म्हणता येईल का? २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला प्रसिद्ध होणाऱ्या मानद कमिशनच्या याद्या पाहाव्यात. सियाचीनमध्ये १९८७ साली एकवीस हजार फुटांवरची चौकी जिंकणारे बाणा सिंह मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, टायगर हिलचे योगेंद्रसिंह यादव यांनाही अखेरीस मानद कॅप्टनच म्हटले गेले. प्रत्येक वीराने अधिकारी व्हावे असे नाही, शौर्य आणि कंपनी चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पण मानद हुद्दा नोकरीच्या शेवटी मिळतो, त्याच्याबरोबर पेन्शनचा लाभ येतो, हुकमत येत नाही. १८३७ च्या सरदार बहादूर पदवीचा घाट याहून फार वेगळा नव्हता.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने या जुन्या हिशेबात एक नवी अडचण आणली आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होणार. उरलेल्यांना सुभेदारी स्वप्नातही दिसणार नाही, त्या हुद्द्याला लागणारी वर्षेच त्यांच्याकडे नाहीत. आजवर महत्त्वाकांक्षी जवानाला थोडा धीर धर, सुभेदार होशील, असे सांगता येत होते आणि त्यात तथ्यही होते. चार वर्षांनी घरी जाणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही. त्याच्या वयाला उपयोगी असे एकच दार उरते, ते कमिशनचे, आणि त्यावर किती जागा ठेवायच्या हा प्रश्न प्रथमच सुभेदारीची मदत न घेता सोडवावा लागणार आहे.